खानदेशचा सुलतान आणि आमची नातवंडे

इतिहासावर रचलेल्या व्हिडिओ गेमविषयी ह्या मासिकात लेख यावा, ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. ज्या घरांत मुले सुटीच्या दिवसांत कॉम्प्युटरपुढून उठता उठत नाहीत, तेथील वडील मंडळींस तर हा विषय काढणे म्हणजे आगीत तेल ओतणेच वाटेल. परंतु मुले नेमके काय खेळतात हे न पाहताच त्यांस रागे भरणे म्हणजे उत्तरपत्रिका न वाचता गुण देणे होय. आणि तो प्रकार आम्ही आमच्या साऱ्या मास्तरकीत कधी केला नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यात धुळ्याच्या आमच्या घरी जळगावचे धाकट्या बंधूंचे बिऱ्हाड महिनाभर राहावयास आले असता, आम्ही खुर्ची ओढून मुलांच्या मागे बसलो आणि जे पाहिले त्यावर पुष्कळ विचार केला.

ज्या खेळांविषयी आम्ही लिहीत आहोत ते नुसत्या बंदुका झाडण्याचे खेळ नव्हेत. स्वीडनमधील स्टॉकहोम शहरी पॅराडॉक्स नावाची एक कंपनी आहे. तिने २०१३ साली 'युरोपा युनिव्हर्सालिस' नामक खेळाचा चौथा भाग प्रसिद्ध केला. त्यात साऱ्या पृथ्वीचा नकाशा पसरलेला असतो. काळ ११ नोव्हेंबर १४४४ ह्या दिवशी सुरू होतो व १८२१ साली संपतो. खेळणाराने नकाशावरील कोणतेही एक राज्य पत्करावयाचे, आणि मग कर, फौज, सोयरिकी, तह, व्यापार हे सर्व आपल्या अकलेने चालवावयाचे. काळ वाटेल तेव्हा थांबवून विचार करता येतो. ही सोय मात्र पृथ्वीवरील कोणत्याही खऱ्या राजास कधी लाभली नव्हती!

त्या नकाशावर पश्चिमेस गुजराथ, उत्तरेस माळवा आणि दक्षिणेस बहमनी अशा तीन मोठ्या सत्तांच्या कात्रीत एक लहानसा तुकडा दिसतो, आणि त्यावर नाव असते खानदेश. ज्या प्रांताचे इंग्रज सरकारने १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले आणि ज्यांची पुढे जळगाव व धुळे ही नावे झाली, तो आपला प्रांत एका परदेशी खेळात स्वतंत्र राज्य म्हणून पाहून मुलांस जो हर्ष झाला तो सांगता पुरवत नाही. थोरला नातू इंजिनियरिंग शिकतो, तर बंधूंची नात इतिहास घेऊन बी. ए. करीत आहे. दोघांनीही खानदेशच घेतला. पण दोघांचे खेळणे इतके भिन्न की, एकच राज्य दोघे चालवीत आहेत हे कोणास खरे वाटू नये.

नातवाची रीत हिशेबाची. कोणती चाल केली असता किती लाभ होईल ह्याचे कोष्टक त्याच्या डोक्यात तयार असे. शेजाऱ्याचा शेजारी तो आपला मित्र, हे तत्त्व त्याने स्वतःच शोधून काढले. कौटिल्याने राजमंडल म्हणून हेच सांगितले आहे असे आम्ही म्हणताच, "आजोबा, मग चाणक्यही हाच गेम खेळत असला पाहिजे," असे त्याने उत्तर दिले. सबळ कारणावाचून युद्ध पुकारले तर राज्याची स्थिरता घटते, व फार मुलूख गिळला तर शेजारी धास्तावून आपल्याविरुद्ध जूट करतात, असे त्या खेळाचे नियम आहेत. तो जूट होण्याच्या अलीकडे एक पाऊल थांबे, दहा वर्षे जाऊ देई आणि पुन्हा पुढे सरके. सन १५०० उजाडेपर्यंत माळवा व अर्धे दक्षिण त्याच्या खानदेशात आले होते.

नातीने मात्र निराळाच नेम धरला होता. १४४४ साली खानदेशच्या गादीवर मीरान मुबारकखान फारुकी होता. त्या मनुष्यास जे ठाऊक होते तेवढेच आपल्यास ठाऊक आहे असे समजून, तो जे करता तेच करावयाचे, मग राज्य वाढो वा बुडो. तिने गुजराथची मर्जी राखली, किल्ले दुरुस्त केले, कोणाच्या वाटेस ती गेली नाही. आणि १४७० च्या सुमारास बहमनींनी तिचे राज्य गिळले.

"अगं, तू मुद्दाम हरलीस," नातू म्हणाला.

"मुद्दाम नाही, दादा. तू खानदेशचा सुलतान नव्हतासच. तू पाचशे वर्षांनंतरचा इंजिनियर त्याच्या गादीवर बसला होतास."

ह्या एका वाक्यात साऱ्या वादाचे बीज आहे. जगभर हे खेळ खेळणारांत ह्याच दोन जाती आहेत असे मुलांनी आम्हांस सांगितले. एकास डाव साधावयाचा असतो, दुसऱ्यास सोंग वठवावयाचे असते. पहिला दुसऱ्यास भाबडा म्हणतो आणि दुसरा पहिल्यास रुक्ष म्हणतो. 'सिव्हिलायझेशन' नावाच्या अशाच प्रसिद्ध खेळाचा चौथा भाग २००५ साली निघाला. त्याचा रचनाकार सोरेन जॉन्सन ह्याने लिहून ठेवले आहे की, संधी मिळाली तर खेळाडू हिशेब करून करून खेळातला आनंदच पिळून काढतात. खेळ रचणारानेच ही तक्रार करावी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता मुबारकखान खरोखर काय करता, हे ठरवावयास त्याच्या मागे काय घडले होते हे पाहिले पाहिजे; आणि येथे आमच्या म्हाताऱ्या विद्येचा मुलांस थोडा उपयोग झाला. मुबारकखानाचा आजा नासिरखान ह्याने बऱ्हाणपूर वसविले. त्याची एक मुलगी बहमनी राजपुत्र अलाउद्दीन अहमद ह्यास दिली होती. पुढे हा राजपुत्र सुलतान झाला व संगमेश्वराकडील एका राजकन्येवर त्याचे मन बसून फारुकी घराण्याच्या मुलीची उपेक्षा होऊ लागली. तिने बापाकडे गाऱ्हाणे केले. बापाने १४३७ साली वऱ्हाडावर स्वारी केली. बहमनींचा सेनापती खलफ हसन ह्याने रोहणखेडनजीक त्याचा मोड केला, पाठलाग करीत बऱ्हाणपूर जाळले, आणि लळिंगापर्यंत येऊन पुन्हा पराभव केला. लळिंगचा हा किल्ला धुळ्याहून मालेगावकडे निघाल्यावर महामार्गाच्या कडेसच दिसतो. त्याच वर्षी नासिरखान मरण पावला.

हे ऐकून नातू सहज बोलून गेला, "म्हणजे एका मुलीच्या रुसव्यापायी राज्य जाळून घेतलं? केवढा वेडा राजा! बहमनींची फौज तिप्पट होती, हे त्याला दिसत नव्हतं का?"

त्यावर नात जी उसळली, तशी आम्ही तिला कधी पाहिली नव्हती. "तिच्या जागी मी असते आणि गाऱ्हाणं घेऊन माहेरी आले असते, तर आधी फौजा मोजणार होतास का, दादा?" स्वयंपाकघरात पोळ्या लाटण्याचा आवाज एकाएकी बंद झाला. ज्या घरांतून मुली दिल्या जातात व सुना आणल्या जातात, तेथे हा प्रश्न पाचशे वर्षांपूर्वीचा राहत नाही. नातवास उत्तर सुचले नाही, आणि आम्हीही त्यास सुचविण्याची घाई केली नाही.

आम्हांस मात्र त्या रात्री दुसरेच एक प्रकरण आठवले. १९३० च्या मंदीत कापसाचे भाव कोसळले व खानदेशातील अनेक घरे बुडाली, हे वडीलधाऱ्या वाचकांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकले असेल. आमचे आजोबा कापसाच्या व्यापारात पडलेल्या आपल्या एका चुलतभावास जामीन राहिले होते. भाऊ बुडाला. कागदात पळवाट होती आणि वकिलाने ती दाखविलीही होती. परंतु आजोबांनी आपली बागाईत जमीन विकून देणे फेडले. आमच्या घराची सुबत्ता त्या दिवशी गेली ती दोन पिढ्या परत आली नाही. थोरल्या नातवाने दोन वर्षांपूर्वी जुन्या वह्या चाळताना हे वाचले तेव्हाही तो हेच म्हणाला होता की, खापरपणजोबांचा हिशेब चुकला. त्याचे गणित खोटे आहे असे कोण म्हणेल? जमिनीची किंमत, व्याजाचा दर, भावाची पत, सर्व बरोबर मांडले तर आजोबा तोट्यातच निघतात. पण आजोबांस हिशेब येत नव्हता असे समजणे मात्र साफ चूक आहे. ते गावातले नाणावलेले हिशेबनीस होते. त्यांनी कोणत्या वहीत काय मांडले होते, हा खरा प्रश्न आहे.

ह्यावरून भूमिका वठवून खेळणे तेवढे सात्त्विक आणि हिशेबाने खेळणे तामसी, असा वाचकांचा ग्रह होईल तर तोही सोडावा लागेल. कारण ह्याच नासिरखानाने अशीरगड कसा घेतला ती कथा फरिश्त्याने दिली आहे. किल्ल्याचा धनी आसा अहीर हा त्याचा स्नेही. शत्रूच्या भयाने माझा जनाना तुझ्या आश्रयास पाठवितो असे सांगून नासिरखानाने डोल्या पाठविल्या. त्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले, आणि स्वागतास आलेला आसा मुलांसह मारला गेला. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, नासिरखानाचे सोंग मनापासून घ्यावयाचे तर हाही डाव खेळावा लागेल. नातीस आम्ही तसे विचारले. ती बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "आजोबा, मग मी मुबारकखानच घेते. नासिरखान मला झेपणार नाही." प्रामाणिक उत्तर! पण पात्र निवडून मगच भूमिका करणे हाही एक प्रकारचा हिशेबच झाला, हे तिच्याही ध्यानात आले असावे.

उलटपक्षी, फारुकींचा जो संथ, वाकून राहण्याचा मार्ग नातवास नेभळट वाटला, त्या मार्गाने हे चिमुकले राज्य तीन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये सुमारे दोनशे वर्षे टिकले. बलवंताचा आश्रय करणे ह्यास कौटिल्याने संश्रय म्हटले असून सहा गुणांत त्याची गणना केली आहे. त्यात लाज मानलेली नाही. मुबारकखानाचा मुलगा दुसरा आदिलखान ह्याने राज्य वाढविले, गुजराथची खंडणी थकविली. पण गुजराथची फौज दारात येताच मुकाट्याने ती भरलीही. शेवटी १६०१ च्या जानेवारीत अशीरगड अकबराच्या हाती पडला व राज्य संपले. बहादूरखान फारुकीस अभयाचे वचन देऊन बाहेर बोलावले आणि मग अडकवून ठेवले असे जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात आहे. दरबारी लेखकांचा भर किल्ल्यातील रोगराईवर आहे. पाद्र्यांचे खरे मानले तर अकबर त्या दिवशी आमच्या नातवासारखाच खेळला म्हणावयाचे. विजयानंतर बादशहाने राजपुत्र दानियाल ह्याच्या नावावरून प्रांताचे नाव दानदेश ठेवले. ते नाव टिकले नाही.

मुलांनी आम्हांस आणखी एक खेळ दाखविला. इंग्लंडातील क्रिएटिव्ह असेम्ब्ली कंपनीने २००९ साली काढलेला हा 'एम्पायर : टोटल वॉर' १७०० सालापासून सुरू होतो व त्यात मराठ्यांचे राज्य खेळता येते. १७०० म्हणजे राजाराम महाराज सिंहगडावर वारले, ताराबाईंनी कारभार हाती घेतला व औरंगजेब एकामागून एक गडांस वेढे घालीत हिंडत होता तो काळ. ह्या खेळात शहर घेतले की प्रांत आपला होतो. त्यामुळे फौज जमवून मोठ्या लढाया मारीत दिल्लीकडे चालू लागणे हीच शहाणपणाची चाल ठरते. खऱ्या मराठ्यांनी काय केले? गड पावसाळ्यापर्यंत झुंजवावयाचा, मग बादशहाकडून पैसा घेऊन खाली करावयाचा, आणि त्याची पाठ फिरताच परत घ्यावयाचा! तिकडे स्वार बादशाही मुलुखात शिरून चौथाई वसूल करीत. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असे गड घेत घेत औरंगजेब थकला आणि १७०७ साली अहमदनगरास मेला. खेळाच्या वहीत हा सर्व व्यवहार पराभवाच्या खाती पडेल.

बाजीरावाची १७२७–२८ ची मोहीम घ्या. निजामाशी समोरासमोर न भिडता तो जालन्याकडून वऱ्हाडाच्या बाजूस वळला, बऱ्हाणपुराचा रोख दाखविला, आणि खानदेशातून गुजराथेत उतरला. निजाम पुण्यात शिरला तरी बाजीराव मागे धावला नाही. तो औरंगाबादेच्या बाजूस आला, निजामास आपला तोफखाना मागे टाकून धावावयास लावले, आणि पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडले. विसाव्या शतकातील इंग्रज सेनापती माँटगोमेरी ह्याने युद्धेतिहासावरील आपल्या ग्रंथात ह्या मोहिमेची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे. आपले शहर शत्रूच्या हाती पडले असता परमुलुखात हिंडणारा खेळाडू मात्र त्या नकाशावर मूर्ख ठरेल.

तेव्हा मुलांच्या वादात आम्ही एक गोष्ट सांगितली, ती येथेही नमूद करतो. नातू जिला सर्वोत्तम चाल म्हणतो ती खेळ रचणाराच्या वहीप्रमाणे सर्वोत्तम असते. स्टॉकहोमच्या किंवा इंग्लंडातल्या एखाद्या कचेरीत कोणी ठरविले की मुलूख मोजावयाचा आणि चौथाई मोजावयाची नाही. त्या क्षणी शहाणपण कशास म्हणावे हेही ठरून गेले. हिशेबाने खेळणारा आपण कोणाचेच सोंग घेतलेले नाही असे समजतो, पण तो त्या कचेरीतील माणसाचे सोंग वठवीत असतो.

पानिपतचे उदाहरण तर प्रत्येक मराठी घरात शिळे झाले आहे. बायका, यात्रेकरू, बुणगे बरोबर घेऊन भाऊसाहेब उत्तरेत का गेले, म्हणून अडीचशे वर्षे आपण त्यांस दोष देत आहोत. खेळात यात्रेकरू नसतातच, त्यामुळे त्यांस टाकून देण्याचे पापही लागत नाही. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा जो पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात पानिपतच्या आधीच्या दहा वर्षांची पत्रे आहेत. त्यांचे दप्तर आज आमच्या धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळात आहे. त्या काळची पत्रे वाचणारास एक गोष्ट चटकन जाणवते: लिहिणारास उद्या काय होणार हे ठाऊक नाही. रसद केव्हा पोचेल, कोण फितेल, नदी केव्हा उतरेल, सर्व अंधार. त्या खेळात मात्र राजापुढे एखादा पेच उभा राहिला की प्रत्येक उत्तराखाली त्याचे फळ लिहिलेले असते: एवढा पैसा जाईल, एवढी कीर्ती वाढेल. फळ वाचून केलेल्या निवडीस निर्णय म्हणावे की खरेदी म्हणावी, ह्याचा निकाल वाचकांनीच लावावा.

खेळ रचणारांस ही अडचण कळत नाही असे नाही. त्याच स्वीडिश कंपनीने २०२० साली काढलेल्या 'क्रुसेडर किंग्ज'च्या तिसऱ्या भागात प्रत्येक राजास स्वभाव दिलेला आहे. दयाळू राजाने कैद्याचा वध केला किंवा सत्यवचनी राजाने खोटे बोलले, तर त्याच्या मनावर ताण चढतो. ताण फार वाढला म्हणजे तो व्यसनाधीन होतो, प्रसंगी प्राणासही मुकतो. युक्ती मोठी चतुर आहे. स्वभावाविरुद्ध वागण्यास किंमत लावल्यामुळे हिशेबी खेळाडूही स्वभावास धरून वागू लागतो. मात्र नातीचे म्हणणे असे की, दंड चुकविण्यासाठी खरे बोलणारा सत्यवादी कसला? आणि नातवाचे म्हणणे असे की, खऱ्या जगात तरी पुष्कळजण दुसऱ्या कशासाठी खरे बोलतात? आम्हांस दोघांचेही पटले, व हे सांगताच दोघेही आमच्यावर रागावले.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. धर्मराज द्यूतास बसला तो आव्हान आले असता क्षत्रियाने मागे फिरू नये म्हणून. शकुनी बसला तो जिंकण्यासाठी. पण ती गोष्ट फार मोठी झाली. साध्या बुद्धिबळाचेच पाहावे. आमच्या लहानपणी ओट्यावर पट मांडून बसणारी जुनी मंडळी वजिराने मात करण्यात भूषण मानीत नसत. प्यादेमात करणे हे खरे कसब. समोरच्यावर वजिराची मात दोन खेळ्यांत होत असता ती सोडून प्याद्याने मात करण्यासाठी दहा खेळ्या झगडणारे, आणि त्या नादात डाव गमावूनही हसत उठणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. आजच्या स्पर्धेच्या नियमांत प्याद्याच्या व वजिराच्या मातीस गुण सारखाच, म्हणून ते कसब गेले. कॉम्प्युटरशी सराव केलेली मुले त्या मंडळींस अर्ध्या तासात हरवतील ह्यात शंका नाही. परंतु त्यांचे खेळणे पाहावयास जशी गल्ली जमे, तशी आता जमत नाही.

सुटी संपता संपता मुलांनी एक नवा डाव मांडला, तो सांगून हा लेख पुरा करतो. खानदेशच; पण ह्या वेळी दोघे मिळून. जेथे केलेली चाल परत घेता येत नाही व मागचा डाव पुन्हा उघडता येत नाही, असा एक प्रकार त्या खेळात आहे, तो त्यांनी निवडला. नेम असा ठरला की, प्रत्येक पेचाच्या वेळी त्याखालचे फळ कागदाने झाकावयाचे. हिशेब नातवाने करावयाचा, पण मुबारकखानास कळणे शक्य होते तेवढ्याच गोष्टींवर; आणि अखेरचा हुकूम नातीने द्यावयाचा. फळे झाकण्यासाठी आमच्या जुन्या पंचांगाचे पुठ्ठे कापून घेण्यात आले. बंधूंचे बिऱ्हाड जळगावास परतल्यावरही दर रविवारी फोनवरून हा दरबार भरतो. डाव १४६१ पर्यंत आला आहे. गुजराथेने मैत्री मोडली असून माळव्याकडून मैत्रीचा निरोप आला आहे. नातवाच्या मते तो तत्काळ स्वीकारावा, नातीच्या मते माळव्याचा शब्द घेण्याआधी एक वर्ष थांबावे. आणि गेले दोन रविवार खानदेशचा काळ त्याच ठिकाणी थांबून राहिला आहे.